वचनाच्या वरच्या ओळी

शेफालीनं पायातल्या चपला काढल्या, खडकावर चढली आणि समोरच्या रिकाम्या खाचरांना बायबल वाचून दाखवायला लागली.

भात कधीच निघालं होतं. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या त्या खाचरांत सकाळचं धुकं अजून बसून होतं, डोक्यावरून पदर घेऊन उपासनेला बसलेल्या बायकांसारखं. शेफालीला वाटलं, आपला आवाज या धुक्यावरून घसरत घसरत पार खाली भाटघरच्या पाण्यापर्यंत जात असणार. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला स्वतःचा आवाज भलताच आवडायला लागला होता. न्हाणीतसुद्धा ती "सन्माननीय व्यासपीठ" म्हणूनच पाण्याचा तांब्या उचलायची.

"काय गं शेफे, म्हसरांना कीर्तन सांगतीस व्हय?"

शेजारची धोंडाबाई म्हैस घेऊन बांधावरून येत होती. शेफाली हसली, पण खडकावरून उतरली नाही.

"शनिवारी आमच्याकडं सभा आहे, मावशी. भोरची माणसं येणारेत. वाचन माझ्याकडं आहे."

"मग वाच की. ही बी ऐकंल." धोंडाबाईनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतः बांधावर टेकली.

खरं तर वाचायची होती एकच ओळ. वर्ष संपायच्या रात्री भोरच्या चर्चमध्ये वचनाची चिठ्ठी काढायची पद्धत होती. ताटात छोटी छोटी कार्डं पालथी घातलेली असायची, प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायचं, आणि त्यावर छापलेलं वचन म्हणजे देवानं त्या माणसाला त्या वर्षासाठी दिलेला शब्द. यंदा आईच्या हाताला लागलं होतं यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन: तुमच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते भल्याचं आहे, वाइटाचं नाही, तुम्हाला पुढचे दिवस आहेत, आशा आहे. आईनं ते कार्ड कपाळाला लावलं होतं आणि परतीच्या जीपमध्ये वाटभर तिचे डोळे चमकत होते.

पुढचे दिवस म्हणजे पुणं. त्यात शंका नव्हतीच. आई, माधुरीबाई, पासलीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. शेफालीचे वडील गेल्यावर ही नोकरी मिळाली आणि दोघी डोंगरात येऊन पडल्या. आईचं सगळं बालपण पुण्यात, चर्चच्या आवारात गेलेलं. अजून ती कपडे वाळत घालताना क्वायरमधला साथीचा दुसरा आवाज गुणगुणायची. पहिला आवाज गायला इथं कुणी नव्हतं. दरवर्षी बदलीचा अर्ज जायचा. घरातल्या तीन पेट्या तिनं कधी पुरत्या सोडल्याच नव्हत्या, भिंतीला एक खिळा ठोकला नव्हता. शेफालीलाही जायचं होतंच. दहावीनंतर पुण्याचं कॉलेज, मोठं स्टेज, खरा माईक. बदल्यांची यादी लागायला अजून अवकाश होता, पण आईनं आधीच आभाराची सभा ठेवली होती. वचन मिळालंय, मग वाट कशाची बघायची?

एवढीशी ओळ एकदम कशी म्हणायची, आवाजाला जरा पळायला जागा हवी, म्हणून शेफालीनं अध्यायाच्या सुरुवातीपासूनच धरलं. आणि वाचता वाचता तिचा आवाज आपोआप खाली आला.

ते पत्र होतं. आपला मुलूख सोडून दूर बाबेलला नेऊन ठेवलेल्या माणसांना यिर्मयानं पाठवलेलं. घरं बांधा आणि त्यांत राहा, असं त्यात होतं. बागा लावा, त्यांची फळं खा. तिथंच लेकरांची लग्नं करा. लवकरच परत जाल म्हणून जे सांगतात त्यांच्या नादी लागू नका. सत्तर वर्षं जाऊ द्या. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर, मग कुठं आईच्या कार्डावरची ती ओळ.

शेफालीनं मान वर केली. धुकं विरळ झालं होतं आणि त्यातून तिला ती माणसं दिसली. खांद्यावर गाठोडी, पाय धुळीनं भरलेले. खाचरांतून एकामागून एक चढत येत होती. कुणाच्या कडेवर लेकरू होतं, एका म्हातारीनं पोटाशी दिवा धरला होता, आणि ती सगळी थांबून तिच्याकडं बघत होती, पुढचं वाच म्हणून.

"कुनाचं पत्र म्हनायचं ह्ये?" धोंडाबाईनं विचारलं.

"देशाबाहेर नेलेल्या लोकांना आलेलं. त्यांना वाटत होतं, आज ना उद्या परत जायचंय."

"म्हंजी बदलीवरची मानसं." धोंडाबाई उठली, पदर झटकला. "आन वरनं हुकूम आला, हितंच ऱ्हावा. बरं झालं की. चल गं म्हशे."

खाचरं पुन्हा रिकामी झाली. शेफाली बराच वेळ खडकावर उभी होती. तिला रडू येत होतं की काय, तेच तिला कळेना.

शनिवारी दुपारी जीप आली. सगळ्यात आधी रखमाजीकाका उतरले. भोरच्या चर्चच्या मंडळीतले ते जुने वडीलधारे, वचनाची कार्डं दरवर्षी स्वतःच्या हातानं ताटात मांडणारे. बाकीची माणसं हातपाय धुवेपर्यंत शेफालीनं त्यांना लिंबाच्या झाडाखाली गाठलं.

"सलाम, काका. एक विचारू? कार्डावरचं वचन मधूनच उचललेलं असतं ना?"

"सलाम, सलाम. मधून म्हणजे?"

"म्हणजे वर काय, खाली काय, ते कार्डावर नसतंच."

"एवढ्याशा कार्डावर मावतंय व्हय?" काकांनी टोपी काढून डोकं पुसलं. "अगं, देवानं धाडलेलं पाकीट आहे ते. आलं की फोडायचं आणि आभार मानायचे."

"पण काका, पाकिटावर पत्ता दुसऱ्यांचा आहे."

काकांनी तिच्याकडं नीट बघितलं. मग गालातल्या गालात हसले. "स्पर्धेत नंबर आला म्हणून ऐकलं होतं. खरं दिसतंय. हे बघ बाय, तुझी आई किती वर्षांनी अशी हसतीय. तिनं सांगितलंय तेवढं वाच. गोड आवाजात वाच. काय?"

"हो, काका."

एकाच खोलीत सगळी दाटीवाटीनं बसली. चटया पुरल्या नाहीत, म्हणून चार बायका बांधलेल्या पेट्यांवरच बसल्या. आईनं निळी साडी नेसली होती, पुण्यात उपासनेला नेसायची ती. आत स्टोव्हवर चहा ठेवून ती दारात उभी राहिली, हातात गाळणी तशीच. गीत झालं. दोन ओळींनंतर आईनं दुसरा आवाज धरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या घरात त्या आवाजाला सोबत मिळाली.

"आता आपल्या माधुरीताईंना मिळालेलं वर्षाचं वचन," रखमाजीकाका म्हणाले. "कन्या वाचेल."

शेफाली उठली. खिडकीतून उन्हाची तिरीप पानावर पडली होती आणि अक्षरं तिला तरंगल्यासारखी दिसत होती. खाली, उजव्या रकान्यात, पेन्सिलीनं खूण केलेली ती ओळ. वर, डावीकडं, ती सगळी माणसं गाठोडी घेऊन उभी. एक ओळ वाचायची आणि खाली बसायचं. आई हसेल. पेढे फिरतील. आणि मग यादी लागेल, आणि त्या यादीत नाव नसलं तर आई या देवाकडं कुठल्या तोंडानं बघेल?

तिनं घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका काकूनं आपल्या बायबलचं पान उलटसुलट करून बघितलं. रखमाजीकाका खाकरले. शेफालीचे कान तापले, पण आवाज थांबला नाही. स्पर्धेतला तो गडगडाटी आवाज मात्र कुठं गेला होता कोण जाणे. हा वेगळाच होता, लहानसा, घरात बोलायचा. घरं बांधा, इथपर्यंत ती आली. बागा लावा. तिनं आईकडं बघायचं टाळलं. लेकरांची लग्नं करा. आणि मग पुढचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. बोट ओळीवरच होतं. खोलीत फक्त स्टोव्हचा फरफर आवाज.

"ज्या नगरात तुम्हाला धाडलंय," दारातून कुणीतरी म्हणालं, "त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्याचं भलं ते तुमचं भलं."

शेफालीनं मान वर केली. आईच्या हातात पुस्तक नव्हतं. गाळणीच होती. ती भिंतीकडं बघत, न अडखळता म्हणत होती.

"वाच पुढं," आई म्हणाली. "थांबू नकोस."

शेफालीनं अध्याय शेवटपर्यंत वाचला. कुणी आमेन म्हणालं, कुणी म्हणालं नाही. चहा उतू गेला होता. रखमाजीकाकांनी आभाराची प्रार्थना केली ती फार छोटी केली, आणि कशाचे आभार ते काही त्यांनी सांगितलं नाही. निघताना त्यांनी शेफालीच्या डोक्यावर हात ठेवला. तो जरा जास्तच वेळ तिथं राहिला.

जीप वळणाआड गेल्यावर दोघी ओट्यावर बसल्या. तोरण्याच्या अंगावर सांजेचं पिवळं ऊन पसरलं होतं.

"तुला ठाऊक होतं," शेफाली म्हणाली.

"संडे स्कूलमध्ये हाच अध्याय पाठ म्हटला होता मी. कंपासपेटी मिळाली होती बक्षीस."

"मग?"

आईनं पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघ ओढली. "मला खालचं तेवढंच हवं होतं गं. वरचं आठवायला लागलं की मी भांडी घासायला बसायचे."

शेफालीला एकदम हसू फुटलं. आईलाही.

"वचन खोटं नाही ना पण, आई?"

"खोटं कशाला असेल? लांबचं आहे." आईनं तिच्या वेणीतला सुटलेला पेड आत खोचला. "तू कॉलेजला जायचंस. पुण्यात मावशीकडं राहायचं. त्याला कुठल्या यादीची गरज नाही."

शेफालीला पुष्कळ बोलायचं होतं. तिच्यासारख्या मुलीला एवढ्यावर एक अख्खं भाषण करता आलं असतं. पण समोर खाचरांत सावल्या उतरत होत्या, त्यांत कुणीतरी गाठोडं खाली ठेवून निवांत बसल्यासारखं तिला दिसलं, आणि ती नुसती बघत राहिली.

धोंडाबाई म्हैस घेऊन परत येत होती. आई उठली, कुंपणापर्यंत गेली.

"धोंडाबाई, घरामागं फणस येईल का हो?"

"न यायला काय झालं? लई ग्वाड माती हाय तिथं." धोंडाबाई थांबली. "पर तुमी तर जानार म्हनत हुता न्हवं?"

आईनं कुंपणावर हात ठेवला. "किती वर्षांनी धरतो?"

"कलम लावा. नर्सरीचं आनलं तर तीन-चार वर्सांत फळ दिसंल. आमचा बियाचा हाय त्यो, त्यानं आट-धा वर्सं घेतली. पर सावली बघा कशी पडतीय. पोरंसोरं चडत्यात, पाखरं येत्यात."

म्हैस पुढं चालू लागली होती. धोंडाबाईनं तिला हाक मारली आणि दोरी ओढत ती वाटेला लागली. आई कुंपणाला हात लावून उभी होती. शेफालीला तिची फक्त पाठ दिसत होती, निळ्या साडीतली.

"धोंडाबाई," आईनं मागून आवाज दिला, "बियाच द्या."