थांब्यासमोरची खिडकी

रेडिओकाकांचे कान म्हणजे काय विचारता! उभा जन्म रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात गेलेला. गिऱ्हाईक दुकानात आलं की काका संच कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचे, "हं, खरखर आहे. मध्येच आवाज खोल जातोय. बटण फिरवलं की शिट्टी येतेय. थांबा, आता घोगरा झाला..." गिऱ्हाईक बिचारं ताटकळायचं. "अहो काका, जगेल की मरेल तेवढं सांगा ना!" पण नाही. सगळ्या आवाजांचं गुऱ्हाळ लावून झालं की मग अगदी शेवटी निकाल, "तार सुटलीय. उद्या या." आधी आवाज, मग निकाल, ही काकांची रीत. पुढे दुकान बंद झालं, मुलगा परदेशी गेला, काकू गेल्या. रीत तेवढी राहिली. सुंभ जळतो, पीळ काही जात नाही.

काका तळमजल्यावर राहायचे आणि त्यांच्या खिडकीला अगदी खेटून बसचा थांबा होता. थांब्याची पाठ खिडकीकडे. पत्र्याखालून माणसांचे पाय दिसायचे, बाकी काही नाही. पण आवाज? आवाज असे यायचे, जणू माणसं काकांच्याच खोलीत बसलीत. काकू होत्या तेव्हा दोघं नवराबायको संध्याकाळी खिडकीशी बसून त्या आवाजांना नावं ठेवायची. धापा टाकत येऊन "गेली का हो, गेली का?" विचारणारी एक बाई होती, तिचं नाव 'गेलीका'. दोन म्हातारे होते, एक पूर्व म्हणाला की दुसरा पश्चिम म्हणणारच, ती 'जोडगोळी'. एक शाळकरी मुलगी पाढे पुटपुटायची आणि सत्ताविसाच्या पाढ्यात हमखास अडायची. काकू खिडकीतून हळूच उत्तर सांगायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

आणि एक होती नर्सबाई. ती संध्याकाळी कामावर जायला यायची आणि बस येईपर्यंत आईला फोन करायची. "गोळी घेतली का? खोटं सांगू नकोस. पाकीट हातात घे आणि मोज बघू. आई, तू म्हणजे ना, लहान मुलाच्या वरताण आहेस!"

आता गंमत ऐका. काकांनाही रक्तदाबाची गोळी होती. ती आठवण करून द्यायचं काम काकूंचं. त्या गेल्यावर काका विसरायला लागले, एकदा चक्कर येऊन पडलेसुद्धा. मग एका संध्याकाळी बाहेरून आवाज आला, "गोळी घेतली का?" आणि काका खिडकीकडे बघून चटकन म्हणाले, "घेतो, घेतो!" त्या दिवसापासून तेच घड्याळ. तिनं आईला विचारायचं आणि काकांनी गोळी घ्यायची. साऱ्या दिवसात त्यांना कुणी काही विचारलं असेल तर तेवढंच. मुलगा रविवारी फोन करायचा, पण "तब्येत बरी ना?" असं म्हणून उत्तराच्या आतच त्याला दुसरा फोन यायचा.

तर अशात एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. काकांना आधी वाटलं, कुणीतरी दार चुकलं असेल. उघडतात तो दारात अर्धी गल्ली! रहिवासी समितीचा सेक्रेटरी, समोरच्या मास्तरीणबाई, कोपऱ्यावरचा औषधवाला आणि त्याची बायको. काकांची नुसती तारांबळ उडाली. खुर्च्या पुरेनात. औषधवाला पलंगाच्या कडेवर टेकला. कप एकासारखा एक नव्हता, मास्तरीणबाईंना तर दाढीच्या पाण्याच्या मगातून चहा दिला. घासून दिला होता, पण दिला.

"काका," सेक्रेटरी म्हणाला, "हा थांबा इथून हलवायचाय. पहाटेपासून बसचा धूर, गोंगाट, पायऱ्यांवर थुंकतात, कागद टाकतात. माणसानं जगायचं कसं?" आता खरं कारण असं, की बस उभी राहिली की सेक्रेटरीची गाडी फाटकातून बाहेर निघत नसे. पण ते तो कशाला सांगतोय? आपली खाज आणि गावाचा नवस!

नगरपालिकेचा नियम असा होता, की थांबा हलवायचा तर ज्याचं घर सगळ्यात जवळ, त्याचं म्हणणं सभेत आधी ऐकायचं. त्यानं "मला त्रास नाही" म्हटलं की विषय तिथेच मिटला.

"तुमच्याइतका त्रास कुणाला आहे?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "जन्मभर आवाजाचं काम केलेला माणूस, आणि म्हातारपणी हा छळ! आम्हाला आपलं वाईट वाटतं हो."

काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की बाई, मला कसला छळ? पण खोलीत माणसं होती. पलंगाला सुरकुत्या पडत होत्या, कप खणखणत होते, औषधवाल्याची बायको काकूंच्या फोटोकडे बघून "किती गोड दिसतात" म्हणत होती. काकू गेल्यापासून त्या खोलीत एवढे आवाज झाले नव्हते. काका म्हणाले, "बघू." आणि "बघू" म्हणजे हो, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

मग ती मंडळी येतच राहिली. सभेत काय बोलायचं त्याची तालीम करायला, कधी उगाच. मास्तरीणबाई एकदा जेवणाचा डबा घेऊन आल्या. सेक्रेटरी रस्त्यात भेटला की लांबूनच "काय काका!" अशी आरोळी ठोकायचा. काका बाजारातून जास्तीची साखर आणायला लागले. आणि सगळे गेले की खिडकीशी बसून जोडगोळीचं भांडण ऐकायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली बिचाऱ्यांची.

सभेच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी मनाशी ठरवलं. माणसं रागावली तर रागावली. खोटं बोलायचं नाही. थांबा राहू द्या, असं सरळ सांगायचं.

नगरपालिकेचं सभागृह भलंमोठं, पंखे घरघरणारे, माईक शिट्ट्या मारणारा. काकांचा हात त्या माईककडे शिवशिवला. समोर उंचावर सभापतीबाई, हाताशी एक घंटी. वेळ संपली की वाजवायची आणि माणसाला खाली बसवायचं. एक जण गटाराबद्दल बोलला, त्याला घंटी. एक बाई शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलायला उठल्या आणि शेजाऱ्याबद्दलच बोलत राहिल्या, त्यांना दोनदा घंटी. मग पुकारा झाला. रेडिओकाका उठले. शर्टाला मुद्दाम इस्त्री केली होती.

"मी थांब्यासमोर राहतो," काका म्हणाले. "माझ्या खिडकीत सगळं ऐकू येतं. सकाळी पहिली बस येते ती कण्हत येते, तिचा ब्रेक घासतो. मग एक बाई धावत येतात, त्यांना दम लागतो, तो दम मला पलंगावर ऐकू येतो. एक मुलगी पाढे म्हणते, रोज एकाच ठिकाणी अडते. दोन म्हातारे भांडतात. त्यातला एक हल्ली खोकतो, खोकला छातीतला आहे. संध्याकाळी एक नर्स आईशी फोनवर बोलते. परवा फोन ठेवल्यावर ती रडली. बराच वेळ रडली. मला जेवण गेलं नाही..."

काकांनी श्वास घेतला. आवाज सांगून झाले होते, आता निकाल. आणि तेवढ्यात घंटी वाजली.

"अरेरे!" सभापतीबाई म्हणाल्या. "लोकांचा खोकला, रडणं, भांडणं, सगळं तुम्ही घरात बसून रोज ऐकता?"

"हो," काका म्हणाले. खरंच होतं ते.

"आणि जेवण जात नाही?"

"त्या दिवशी नाही गेलं. पण बाई, मला..."

पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. सेक्रेटरीनं धावत येऊन त्यांच्या खांद्याभोवती हात टाकला. "काका, जिंकलंत! काय बोललात!" मास्तरीणबाई डोळे पुसत होत्या. "एवढं सोसलंत हो, आणि आम्हाला पत्ता नाही." माईक काकांच्या तोंडासमोर अजून चालूच होता, त्याची बारीक शिट्टी त्यांना ऐकू येत होती. एक वाक्य बोलायचं होतं. एकच. पण खांद्यावर हात होता, ऊबदार, जड. काकू गेल्यावर कुणी खांद्यावर हात ठेवला नव्हता. काकांनी ते वाक्य गिळलं आणि ते खाली बसले.

थांबा हलला. एका सकाळी माणसं आली, पत्रा खोलला, बाक उपटला, खड्ड्यात सिमेंट ओतलं आणि गेली. सेक्रेटरीनं दिमाखात गाडी बाहेर काढली, काकांना हात केला. दुसऱ्या दिवशी गाडीची काच वर होती. मास्तरीणबाईंचा डबा धुवून, पुसून काकांच्या ओट्यावर तसाच पडला होता. तो परत करायला गेले तर बाईंनी दारातूनच घेतला, "घाईत आहे हो काका, येते एकदा निवांत." गरज सरो, वैद्य मरो. त्यांचंही काय चुकलं म्हणा! त्यांच्या मते काकांना शांतता हवी होती, आणि ती त्यांना मिळवून दिली होती. शांततेत जाऊन कोण कशाला त्रास देईल?

आणि काय ती शांतता! काका खिडकी उघडून बसायचे तर समोर नुसता रस्ता. घरात फ्रिज चालू व्हायचा, बंद व्हायचा. सत्ताविसाचा पाढा त्यांनी स्वतःच म्हणून बघितला. संध्याकाळ कधी यायची आणि कधी जायची, कळायचं नाही. गोळ्यांचं पाकीट आठवड्यानं पाहिलं तर जवळजवळ भरलेलंच होतं.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी चपला घातल्या आणि विचारत विचारत नव्या थांब्यावर गेले. चढ होता, चांगलाच. बाकावर बसून त्यांनी डोळे मिटले. गाड्यांचा गोंगाट मोठा, पण कान ते कान. गेलीका आली, तिला पूर्वीपेक्षा जास्त दम लागला होता. जोडगोळीतला एकच आला. काकांनी दुसऱ्याची वाट बघितली, तो आला नाही. आणि मग अगदी शेजारी कुणीतरी धपकन बसलं आणि म्हणालं, "गोळी घेतली का?"

"विसरलो," काका म्हणाले.

ती मोठ्यानं हसली. "तुम्हाला नाही हो आजोबा! आईला विचारत होते. अगं, इथे एक आजोबा आहेत, तेही विसरलेत. तुमची सगळ्यांची एकच शाळा!"

काकांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचा चेहरा बघितला. वाटलं होतं त्यापेक्षा थोराड होती, डोळ्यांखाली काळं. हातात डबा, पायात पांढरे बूट. बूट तेवढे ओळखीचे.

"घरी गेल्यावर आठवणीनं घ्या," फोन ठेवून ती म्हणाली. "इथलेच का तुम्ही? मी कधी बघितलं नाही. आमचा थांबा आधी खाली होता हो, गल्लीत. घरापासून दोन पावलांवर. आता हा चढ चढून यायचं आणि रात्रभर पुन्हा पायांवर उभं राहायचं. तिथे कुणी एक खडूस म्हातारा राहतो म्हणे. आम्ही बोललेलं त्याला सहन होईना, म्हणून सभेत जाऊन आमचं खोकणं, रडणं सगळं चारचौघांत सांगितलं. काय मिळवलं मेल्यानं?"

किती सोपं होतं! "असतात हो अशी माणसं" एवढं म्हटलं असतं तर झालं. उद्या ती पुन्हा शेजारी बसली असती, पुन्हा विचारलं असतं, आणि या वेळी खरोखर त्यांनाच विचारलं असतं. वाक्य गिळायची सवय एकदा लागली की घसा तयार असतो. पण मघाशी ती "तुम्हाला नाही हो" म्हणताना जी हसली, ते हसू काकांच्या कानात अजून होतं, आणि त्यावर खोटं चढवायला जीव धजेना.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी निकाल आधी सांगितला.

"तो म्हातारा मी."

ती बाकावर जराशी दूर सरकली.

"पण मी तसं म्हणत नव्हतो," काका घाईघाईनं म्हणाले. "मला सांगायचं होतं की थांबा राहू द्या. तुम्ही गोळी विचारायचात ना आईला, तेव्हा मी..."

बस आली. ती उठली, हातातला डबा छातीशी धरून पुढे गेली आणि चढली. तिला रडताना कुणीतरी ऐकलं होतं, ते कुणीतरी आता समोर बसलं होतं, तिनं तरी काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा गेले. गोळी खिशात ठेवून गेले. ती आली, त्यांना बघितलं आणि थांब्याच्या पार पलीकडच्या टोकाला, पाठ करून उभी राहिली. फोन लावला. पण हात तोंडाशी धरून, इतक्या हळू बोलायला लागली की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. काकांनी डोळे मिटले, मान तिकडे कलती केली, सगळा जीव कानात आणला. कुजबुज चाललीय एवढं कळत होतं, शब्द एक लागत नव्हता.

आता विचारलं असेल तिनं, असा अंदाज बांधून काकांनी खिशातली गोळी काढली आणि पाण्यावाचूनच गिळली.