इंजन बंद केल्यावर

महिपतची नाव जुनी होती आणि तिच्यातलं इंजन तिच्याहूनही जुनं. नाव कुठल्याशा सरकारी खात्यानं मोडीत काढलेली, लिलावात घेतलेली. इंजन एका शेतकऱ्याच्या विहिरीवरून उतरवलेलं, डिझेलचं, दहा हॉर्सपॉवरचं. या दोघांची सोयरीक महिपतनं स्वतःच्या हातानं जुळवली होती. इंजनाचा शाफ्ट सरळ पाण्यातल्या पंख्याला जोडलेला, मध्ये गिअर नाही. इंजन फिरलं की पंखा फिरणार आणि नाव पुढंच जाणार. थांबायचं तर इंजनच बंद करायचं. आणि एकदा बंद केलं की पंख्यासकट ते पुन्हा फिरवायला हँडलवर दोन गडी लागत, त्यामुळं ते फक्त काठावरच बंद करायची रीत पडली होती. काठ जवळ आला की महिपत इंजन बंद करी आणि उरलेलं पाणी नाव आपल्या वेगावर कापून घाटाला लागे.

बोरगाव या काठाला, सावळी त्या काठाला, मध्ये धरणाचं पाणी. रस्त्यानं जायचं तर बेला गावावरून फेरा, दोन बस आणि एक ऑटो, आणि त्यातली एखादी बस न येण्याचीच शक्यता जास्त. नावेनं गेलं तर तोंडातलं पान रंगेपर्यंत माणूस पलीकडं. पण इंजन चालू असताना नावेत बोलायची सोय नव्हती. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला निम्मं कळायचं आणि तो निम्म्याचंच उत्तर द्यायचा. म्हणून सगळे गप्प बसत आणि पाण्याकडं बघत.

इंजन बंद झालं की मात्र एकदम शांत होई. पाणी नावेला चाटून जाई, घाटावरच्या बाया कपडे आपटत ते ऐकू येई. तेवढ्या वेळात, नाव घाटाला लागायच्या आत, वृषालीबाई महिपतशी एखादं वाक्य बोलत.

वृषालीबाई सावळीच्या मराठी शाळेत शिकवायच्या. राहायला बोरगावात. आईबापांनी लोकांच्या शेतात राबून शिकवलेली मुलगी. बाप लवकर गेला, मग धाकट्या भावंडांचं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलं. महिपतची बायको लग्नानंतर दोनच वर्षांनी काविळीनं गेली, त्याला मूल नाही. तो भोई, ती बौद्ध. गावात या गोष्टी कुणी मोठ्यानं बोलत नाही आणि कुणी विसरतही नाही. ती रोज सकाळी नावेत चढे, इंजनाच्या जवळची फळी धरून बसे आणि संध्याकाळी परत येई. अशी बारा-चौदा वर्षं गेली.

बोलणं काय व्हायचं? काहीच नाही. ‘आज हवा थंड हाय.’ ‘पोरांची परीक्षा झाली?’ ‘हरभऱ्याची भाजी आनली, डब्यात घालून देऊ काय?’ एक वाक्य तिचं, एक त्याचं, आणि नाव घाटाला लागायची. पण त्या एका वाक्यावर महिपतचा दिवस निघायचा. आपण काय म्हणालो, त्यापेक्षा काय म्हणायला पाहिजे होतं, याचा तो जाळी विणता विणता विचार करत बसे. आणि एक गोष्ट त्यानं मनात पक्की धरून ठेवली होती. अख्खं गाव त्याला महिपतभाऊ म्हणे, पण वृषालीबाईंनी त्याला एवढ्या वर्षांत कधी भाऊ म्हटलं नाही. नावानंही हाक मारली नाही. ‘तुमी’वर भागवलं.

शहाण्या माणसानं यावरून काय ओळखायचं ते ओळखलं असतं. महिपतनं काय केलं, तर इंजन थोडं आधी बंद करायला लागला. दरवर्षी थोडं आणखी आधी. नाव कशीबशी रांगत घाटाला लागे. लोक हसत, ‘महिपतभाऊ डिझेल वाचवून राह्यला’ म्हणत. तोही हसे.

कार्तिकात एका संध्याकाळी बोरगावच्या बाजूनं वारा उलटला. इंजन बंद झालेलं, नाव वाऱ्याच्या ताब्यात, आणि ती जाऊन घाटाच्या दगडावर आडवी आदळली. चंपाबाई म्हणून एक म्हातारी होती, सावळीला लेकीकडं जा-ये करणारी, ती उठून उभी राहिली होती. पडली ती दगडावर. मनगट मोडलं. त्यानंतर महिनाभरात इंजनानंही हाय खाल्ली. गार पाणी ओढणाऱ्या नळीत शेवाळ अडकलं, इंजन तापलं आणि ब्लॉकला तडा गेला.

“आता हे काई उभं राह्यत नाई,” आदिलाबादहून आलेला सुरेंद्र म्हणाला. सुरेंद्रचं तिथं बाजारात इंजनं आणि पंपांच्या सामानाचं दुकान होतं. “नवं टाका, भाऊ. अन् नवं टाकता तर गिअरवालं टाका. दांडी मधात आनली की इंजन चालू, नाव उभी. मागं घेतली की नाव मागं. कोनी आदळत नाई, कोनी पडत नाई.”

“मंग काठावर इंजन बंद नाई करा लागत?”

“काऊन करा लागन? चालूच राह्यते.”

महिपत ब्लॉकच्या तड्यावरून अंगठा फिरवत राहिला. चालूच राहते म्हणजे धडधड चालूच राहते. काठापर्यंत, घाटापर्यंत, लोक उतरेपर्यंत. सुरेंद्रला वाटलं हा पैशाचा विचार करतोय. बिचाऱ्याला काय माहीत.

नाव बंद पडल्यावर वृषालीबाई बेल्यावरून फिरून शाळेला जायला लागल्या. पहाटे निघायच्या, अंधारात यायच्या, पायाला सूज. एकदा महिपत बसथांब्यावर दिसला तर त्या थांबल्या. आजूबाजूला माणसं होती, तरी बोलल्या.

“नाव कधी सुरू होते?”

“सामान पाहून राह्यलो.”

“बदल्यांचे अर्ज घेऊन राह्यले. संक्रांतीपर्यंत नाव झाली त मी नाई देत अर्ज. नाई झाली त मले द्या लागन. पाय साथ नाई देत आता.”

“होते,” महिपत म्हणाला. “त्याच्या आधी होते.”

याहून स्पष्ट कोणती बाई सांगणार? संक्रांतीला अवकाश होता. सामान आदिलाबादला तयार होतं. बसायचं, जायचं, घेऊन यायचं, एवढंच काम. पण महिपतचं मन तळ्यात-मळ्यात. गिअर न घेतला तर आणखी कुणाचं तरी हाड मोडायचं, हे त्याला कळत होतं. चंपाबाईचा गळ्यात बांधलेला हात रोज डोळ्यांसमोरून जायचा. आणि गिअर घेतला तर दिवसाकाठचं ते एक वाक्य गेलं. ते गेलं तर नाव तरी कशाला चालवायची, असं त्याला खरोखरच वाटायचं. ती नावेत रोज बसेल, हाताच्या अंतरावर, आणि आपण इंजनाच्या धडधडीत नुसतं तिच्या पदराकडं बघायचं.

पहिल्यांदा तो दुकानात गेला आणि म्हणाला, गिअरमध्ये ताकद खाल्ली जाते, नाव ओढायची नाही. सुरेंद्रनं समजावलं. महिपत विचार करतो म्हणून परतला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा म्हणाला, गिअर लावला की पंखा बदलावा लागेल, पंखा बदलला की शाफ्ट, म्हणजे सगळी नावच बदलायची. सुरेंद्रनं मापं घेतली, मोठा पंखा काढून दाखवला, शाफ्ट तोच चालेल म्हणाला. महिपतनं पंख्याची पाती बोटानं तपासली, कपलिंगचे बोल्ट मोजले, शाफ्टच्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून भरतात ती दोरीची भरणी पाहिली, चहा प्यायला आणि पुन्हा मोकळ्या हातानं बसमध्ये बसला.

गावात चंपाबाईनं त्याला गाठलं. “काऊन रे, माया हातासाठी थांबला काय? तो त जुळत आला. इंजन कवा आनतं?”

“आनतो, मावशी. कोनतं आनू तेच समजत नाई.”

“ज्यानं मानसं पडनार नाईत ते आन. यात समजाचं काय हाय?”

यात समजायचं काहीच नव्हतं. तरीही संक्रांत आली आणि गेली. तिळगुळाच्या दिवशी वृषालीबाई शाळेतून परतल्याच उशिरा. महिपत घरी खिशात हलव्याची पुडी घेऊन बसून राहिला आणि शेवटी ती शेजारच्या पोरांना वाटून टाकली.

तिसऱ्यांदा तो दुकानात गेला तो पहिल्यासारखी बिनगिअरची, सरळ जोडच घ्यायची असं ठरवून. इंजन आणखी सावकाश चालवू, काठावर दोन माणसं बांबू घेऊन उभी करू, पण जोड सरळच ठेवू. तोंडातून शब्द निघणार तोच सुरेंद्र म्हणाला, “तुमच्या गावच्या बाई येऊन गेल्या ना. त्या टीचर. शिक्षणाधिकाऱ्याच्या हापिसात काम होतं म्हने. बराच वेळ बसल्या. गिअर कसा चालते, मधात कसा थांबवतेत, सगळं इचारलं. जाताना म्हने, त्याईले गिअरवालंच द्या, दुसरं काई देऊ नका.”

महिपतला कुणीतरी तोंडावर दार लावल्यासारखं झालं. म्हणजे तिला ते वाक्य नकोच होतं. आपणच इतकी वर्षं मनात मांडे खात बसलो. ती आपली एक प्रवासी, आणि प्रवाशाला पाय न घसरता उतरायचं असतं, बस.

“बांधा,” तो म्हणाला. “गिअरवालंच बांधा.”

राग आला की माणसाचे हात भराभर चालतात. दोन महिने जे झालं नाही ते आठवड्यात झालं. जुनं इंजन उतरलं, नवं बसलं, मोठा पंखा लागला, शाफ्टची भरणी नव्यानं झाली, दांडीला लाल मूठ आली. चंपाबाईनं इंजनाला हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाव सुरू झाली.

वृषालीबाई आल्या. हातात नेहमीची पिशवी होती आणि आणखी एक मोठी रिकामी पिशवी घडी करून घेतलेली. नेहमीच्या फळीवर बसल्या. महिपतनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. इंजन धडधडलं, नाव निघाली. पाण्याच्या मधोमध आल्यावर त्यांनी एकदा मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, काहीतरी वाट पाहिल्यासारखं. तो समोर सावळीच्या देवळाकडं नजर लावून बसला. काठ आला तसा त्यानं दांडी मध्ये घेतली, मग मागं, मग पुन्हा मध्ये, आणि नाव फुलासारखी घाटाला टेकली. लोकांनी वाहवा केली. उतरून गेले.

वृषालीबाई उठल्या नाहीत. इंजन चालूच होतं. त्यांनी हातानं खूण केली, बंद करा. त्यानं बंद केलं.

“मधात काऊन नाई थांबले?” त्या म्हणाल्या.

“मधात?”

“त्यासाठीच त गिअर घ्या म्हनलं. सुरेंद्रनं सांगतलं मले. गिअर असला की पान्यात कुठंबी बंद करता येते, अन् एकट्या मानसाले पुन्हा हँडल मारता येते.” त्या पिशवीच्या बंदाला पीळ देत होत्या. “काठाजवळच्या तेवढ्याशा बोलन्यानं पोट भरत नोतं माझं. तुमचं भरत होतं काय?”

“मले वाटलं,” तो म्हणाला, आणि काय वाटलं ते सांगायचीच त्याला लाज वाटली.

“आज चार्ज देऊन येते,” वृषालीबाई म्हणाल्या. “संक्रांतीपर्यंत नाव नाई झाली, अर्ज द्या लागला. बदली झाली. आदिलाबादले. सोमवारी हजर व्हा लागते. भावाजवळ राह्यन.”

शाळेची घंटा झाली. त्या घाट चढून गेल्या.

महिपत दिवसभर फेऱ्या मारत राहिला. रिकाम्या नावेत, भरल्या नावेत. पाण्याच्या मधोमध आला की त्याचा हात लाल मुठीवर जाई आणि परत येई. आपल्याला जे हवं होतं तेच तिला हवं होतं, आपल्याहून जास्त हवं होतं, आणि आपण ते दुकानाच्या फळीवर ठेवून दोन महिने चहा पीत बसलो. हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की त्याला कुठंतरी खाली बसावंसं वाटलं. पण नावेत तो बसलेलाच होता.

संध्याकाळची फेरी नेहमी गच्च असते. बाजारचे लोक, भाजीच्या टोपल्या, शाळेची पोरं, लेकीकडून परतणारी चंपाबाई. वृषालीबाईंची मोठी पिशवी आता भरली होती, तिच्यातून पोरांनी दिलेला कागदी फुलांचा हार वर डोकावत होता. त्या आपल्या फळीवर बसल्या. नाव निघाली.

मधोमध पाण्यात महिपतनं दांडी मध्ये आणली आणि इंजन बंद केलं.

एकदम शांत झालं. टोपलीतली कोंबडी कुरकुरली. कुणीतरी म्हणालं, “काय झालं, भाऊ? डिझेल सरलं काय?” दुसऱ्यानं नव्या इंजनाला एक शिवी दिली. चंपाबाई म्हणाली, “गप ऱ्हा रे.”

महिपत उभा राहिला. नाव हलली, सगळ्यांनी फळ्या धरल्या. अख्खी नाव त्याच्याकडं पाहत होती, दोन्ही गावांची माणसं, आणि त्याला लाज वाटायला हवी होती, पण लाज वाटायला जागाच उरली नव्हती.

“बाई,” तो म्हणाला, “जाऊ नका.”

वृषालीबाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या.

“ऑर्डर निघाली,” त्या म्हणाल्या.

“माईत हाय. तरी म्हनतो.”