चौथ्या पानावरचा खोकला

वर्गात एकोणतीस मुलं होती, अकरा टॅब होते आणि चौदा हेडफोन. चौदांपैकी तीन हेडफोन एका कानाने मुके होते. अकरांपैकी एक टॅब चार्जरला जोडलेला असेपर्यंतच जागा राही, म्हणून मुलांनी त्याचं नाव 'आळशी' ठेवलं होतं. टॅबमध्ये बारा गोष्टी होत्या आणि बाराही नव्या बाईंच्या आवाजात.

रीत साधी होती. टॅबवर पान उघडायचं, कानात बाईंचा आवाज, शब्दाखाली बोट, आणि आवाजाबरोबर आपणही वाचायचं. आवाज घुमू नये म्हणून बाईंनी घरी कपड्यांच्या कपाटात, पांघरुणांत डोकं खुपसून या गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. आत्या मधूनच दार ठोठावायची. "अगं, जिवंत आहेस ना? की बोलावू चार जणांना?"

ही धडपड मुख्यतः भिंगरीसाठी होती. भिंगरीला अक्षरं येत, पण ती जोडून शब्द करायची वेळ आली की तिचं घोडं अडायचं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, स्पष्ट सांगितलं होतं: सत्र संपेपर्यंत पोरीला वाचता आलं नाही, तर तिला खालच्या वर्गात बसवायचं. खालच्या वर्गात तिचा धाकटा भाऊ होता. त्याने आतापासूनच आपल्या बाकावर तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, आणि घरी जेवताना तो ते रोज न चुकता सांगे.

महिन्याभरात भिंगरी घंटा विकत घेणाऱ्या शेळीची गोष्ट हेडफोनशिवाय घडाघडा वाचू लागली. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "वा! कोण म्हणेल ही तीच पोरगी?"

चौथ्या पानावर भिंगरी दोनदा खोकली. बाईंना वाटलं, सर्दी झाली असेल. मग तिच्या शेजारणीने तीच गोष्ट वाचली, आणि तीही चौथ्या पानावर, त्याच शब्दानंतर, दोनदा खोकली.

घरी जाऊन बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. चौथ्या पानाच्या वेळी पांघरुणांची धूळ घशात गेली होती. खोकला होता, दोनदा, कापायचा राहून गेलेला.

दुसऱ्या दिवशी भिंगरी वाचत असताना त्यांनी टॅबवर हात ठेवला. भिंगरीचं बोट त्यांच्या हातावरून पुढे सरकत राहिलं, आणि गोष्टही.

"भिंगरी, अगं, आता कुठून वाचतेयस?"

भिंगरी थांबली. "तुम्हीच म्हणालात ना, बाईंसारखं वाचा म्हणून?"

मोठ्या बाईंची खात्री पटलेली होती. गप्प राहिलं असतं तरी खपून गेलं असतं. बाई मधल्या सुट्टीत त्यांच्या खोलीत गेल्या आणि घडलेलं सांगितलं.

"म्हणजे महिनाभर पोरगी तुमची नक्कल करत होती?"

"हो."

"आणि हे तुम्ही आपणहून सांगायला आलात?"

"खोकला माझाच होता."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "अट तीच राहील. फक्त गोष्ट मी निवडणार. तिने कधी न ऐकलेली."

बाई पुन्हा कपाटात बसल्या. आवाजच अधूनमधून चुकला, तर डोळ्यांना कामाला लागावंच लागेल, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी सगळ्या गोष्टी नव्याने, मुद्दाम चुकत वाचल्या. चुका अशा, की नुसतं ऐकणाऱ्याला खटकू नयेत: घंटेऐवजी टोपी, तळ्याऐवजी नदी.

"पगार घेऊन चुका करणारे ढिगाने पाहिले," आत्या दाराबाहेरून म्हणाली, "त्यासाठी कपाटात बसणारी तूच पहिली."

वर्गात त्यांनी सांगितलं, "या गोष्टींत बाई चुकल्यात. कुठे ते शोधा." मुलांना असं काम जन्मात मिळालं नव्हतं. सगळी तुटून पडली. पहिल्या दिवशी भिंगरीने मात्र, बाई म्हणतील तेच खरं मानून, शेळीला खुशाल टोपी घेऊ दिली, आणि शेजारीण फिदीफिदी हसली. तिसऱ्या गोष्टीत भिंगरीचं बोट तळ्यावर अडलं. तिने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. अक्षरं एकेक करून जोडली. मग ताडकन उभी राहिली. "बाई चुकल्या! नदी नाहीचे इथे!" उठताना तिच्या पायात वायर अडकली आणि 'आळशी' झोपी गेला.

सत्राच्या शेवटी मोठ्या बाईंनी एक नवी गोष्ट निवडली. बाईंनी ती तशीच मुद्दाम चुकत रेकॉर्ड केली आणि छापील प्रत मोठ्या बाईंच्या हातात दिली. चुकीच्या सहा जागा तिच्यात लाल पेनाने अधोरेखित केलेल्या होत्या. भिंगरी दोन्ही कान चालू असलेला हेडफोन लावून समोर बसली. चूक आली की ती टॅब थांबवी आणि पानावरचं अख्खं वाक्य बोट ठेवून वाचून दाखवी. मोठ्या बाई प्रतीवर खूण करीत. सहा खुणा झाल्या.

शेवटच्या पानावर तिने पुन्हा टॅब थांबवला.

"इथे काही नाही गं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आहे. इथे 'संध्याकाळी' लिहिलंय. बाई 'सकाळी' म्हणाल्या."

मोठ्या बाईंनी हेडफोन स्वतःच्या कानांना लावला. ऐकलं, मागे जाऊन पुन्हा ऐकलं, मग तो काढून नव्या बाईंकडे दिला. त्यांनीही दोनदा ऐकलं.

बाईंनी घातलेल्या चुका सहा होत्या. भिंगरीला सात सापडल्या.