आबांचा डावा पाय

बिरदेवआबांच्या पिकअपचा गिअर पडेनासा झाला आणि घरातल्या सगळ्यांना एकदम आबांचा गुडघा दिसायला लागला.

आता गिअरचा आणि गुडघ्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. तर गेल्या श्रावणात एका उनाड कोकराच्या मागं धावताना आबा घसरले आणि डाव्या गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून आबा उठताना भिंतीला हात लावायचे. कुणी बघितलंच, तर भिंत पक्की हाय का बघतोय म्हणायचे. आणि क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो, हे माण तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

गाडी चोवीस वर्षांची. आबांच्या भावाचा मेंढ्यांचा कळप दिवाळीनंतर दहिवडीकडून खाली कृष्णाकाठाला चरायला निघायचा, आणि वाटेत व्यालेल्या मेंढ्या, त्यांची ओली कोकरं, पिठाची पोती, एखादी तापानं फणफणलेली म्हातारी, असं जे जे चालू शकत नाही ते ते आबांच्या पिकअपमध्ये चढायचं. आबांना स्वतःला चालायचा आधीपासूनच कंटाळा. गाडीत बसले की मात्र माणूस पंचविशीतला व्हायचा. चोवीस वर्षांत गिअरचा कर्र असा आवाज एकदाही काढला नाही, हे ते इतक्या वेळा सांगायचे, की त्यांची बायको बनाबाई पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची.

गाडी म्हातारी, म्हणून तिचा पत्राही म्हातारा. पायाखाली गंजून दोन भोकं पडलेली, त्यातून रस्ता दिसायचा. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही, पण मार्गशीर्ष लागला आणि भोकांतून असा काही वारा यायला लागला, की घरी येईपर्यंत आबांचा गुडघा लाकूड होऊन जायचा. बनाबाईनं पेटीतलं, तिच्या बापानं लग्नात दिलेलं काळं घोंगडं काढलं, त्याची चौपदरी घडी केली आणि आबांच्या पायाखाली नीट अंथरली. घोंगड्यावर चपलेचा पाय द्यायचा नाही, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. आबा चपला काढून सीटमागं टाकायचे आणि अनवाणी पायानं गाडी हाकायचे. पाय कसे लोण्यात ठेवल्यागत वाटायचे त्यांना.

एक-दोनदा गिअर जड गेला, ते आबांनी थंडीवर ढकललं, आणि मग वर्धनगडच्या घाटात तो प्रकार झाला. बनाबाई शेजारी बसलेली, मागं चार मेंढ्या. वळणावर पुढचा ट्रॅक्टर थांबला म्हणून आबा थांबले. निघताना पहिला गिअर टाकायला गेले तर दांड्यानं कर्रर्र करून हात झिडकारला. पुन्हा टाकला, पुन्हा कर्रर्र. तेवढ्यात गाडी हातभर मागं सरकली. मागं एसटी. एसटीवाल्यानं जो हॉर्न वाजवला, तो बनाबाईच्या कानात पुढचे आठ दिवस वाजत होता.

घरी आल्या आल्या तिनं सांगलीजवळच्या माधवनगरला पोराला फोन लावला. दिग्विजय तिकडं एका कारखान्यात सुपरवायझर. त्यानं तिथं बसल्या बसल्या निदान केलं, की क्लच पूर्ण दाबला जात नसणार, आबांच्या पायात आता जोर राहिला नाही. जोर नाही म्हटल्यावर पुढचंही ठरलंच. गाडीत दोष निघाला तर दुरुस्त करून आणा, नाही निघाला तर रविवारी मी येतो आणि गाडी सांगलीला नेऊन विकून टाकतो. बनाबाईनं हो म्हटलं. आबांकडं न बघता म्हटलं, पण म्हटलं.

गाडी गेली तर आबांना ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठं चाललास विचारणं एवढंच काम उरणार होतं. गाडी नादुरुस्त निघावी म्हणून देवाला भंडाऱ्याचा नवस बोलणारा तालुक्यातला तो पहिलाच गाडीमालक असावा.

कोरेगावात लियाकत मिस्त्रीचं गॅरेज. वीस वर्षं गाडीला हात लावला असेल तर त्यानंच. लियाकत शहाणा गडी, उगाच काही खोलायचा नाही. आधी इंजिन बंद ठेवून त्यानं सगळे गिअर टाकून बघितले. अलगद पडले. म्हणजे गिअरबॉक्स चांगला. मग इंजिन चालू करून, हँडब्रेक ओढून, तिसरा टाकून, क्लच सोडला. इंजिन गचकन बंद पडलं. म्हणजे क्लचची प्लेट चांगली, घसरत नाही. मग गाडी चालू करून मागं-पुढं घेतली, एक चक्कर मारून आणली. कुठं आवाज नाही, कुठं अडकणं नाही. तरी आबांच्या समाधानासाठी क्लचची वायर नवीन टाकली. आबा खुशीत घरी निघाले आणि गावाबाहेर पडतात न पडतात तोच कर्रर्र.

दुसऱ्या वेळी लियाकतनं डोकं खाजवलं. थंडीनं ऑइल घट्ट होत असेल म्हणून गिअरचं ऑइल बदललं. चक्कर मारली, झकास. आबा बसले, कर्रर्र. तिसऱ्या वेळी त्यानं काहीच बदललं नाही. चक्कर मारून आला, हात पुसत उभा राहिला, आणि आबांच्या तोंडाकडं न बघता म्हणाला, "आबा, गाडीला काय बी झालेलं न्हाई."

म्हणता म्हणता त्याची नजर गुडघ्यावर जाऊन आली. ते आबांनी पाहिलं. वीस वर्षांचा मित्र असा बघायला लागला तर माणसानं जायचं कुठं. त्या दिवशी आबांनी चहा घेतला नाही. घरी येऊन सांगितलंही नाही. ओट्यावर बसून डावा पाय लांब करायचे, आखडायचे, पुन्हा लांब करायचे. बनाबाई दारातून बघायची आणि आत जायची.

शनिवार उजाडला. उद्या दिग्विजय येणार. आबा सकाळीच गाडी काढून पुन्हा कोरेगावात गेले, लियाकतला म्हणाले, आज तू माझ्या शेजारी बस. माझा पाय बघ. तू म्हणालास पाय गेला, तर मी चावी देऊन टाकतो. आबांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता, म्हणून लियाकत हातातलं काम टाकून उठला.

आबा चालवायला लागले, गॅरेजसमोरच कर्रर्र. लियाकतनं वाकून बघितलं. पाय तर व्यवस्थित खाली जात होता, टेकतही होता. आबांच्या मांडीची शीर टरारून आलेली. त्यानं आबांना उतरायला सांगितलं आणि स्वतः चालकाच्या बाजूला आला. बसण्याआधी पायाखालचं घोंगडं दोन्ही हातांनी उचललं, झटकलं, घडी आबांच्या मांडीवर दिली आणि मग बसला. दरवेळी तो तेच करत आला होता. फक्त दरवेळी आबा चहाच्या टपरीवर असायचे आणि घोंगडं सीटवर, आणि चक्कर झाली की लियाकत ते पुन्हा जागेवर अंथरायचा. गाडी कशी पाण्यासारखी निघाली. आबा मान खाली घालून बसले.

पुढं रेल्वेचं फाटक पडलेलं. गाड्यांची रांग लागली. आबा म्हणाले, शेवटचा एकदा मी बघतो. दोघं उतरून बदलले. उतरताना आबांनी घोंगडं लियाकतच्या हातात दिलं होतं, ते त्यानं मांडीवर ठेवलं. आबांनी चपला काढल्या, घोंगडं अंथरायला हात पुढं केला, तेवढ्यात फाटक उघडलं. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. अंथरायला वेळ कुठला. आबांनी गारढोण पत्र्यावर तसाच पाय टेकवला, क्लच दाबला आणि डोळे मिटून दांडा ढकलला.

पहिला पडला. आवाज नाही. फाटक ओलांडलं, दुसरा पडला. तिसरा पडला. आबांनी गाडी बाजूला घेतली, मुद्दाम थांबवली, पुन्हा पहिला टाकला, रिव्हर्स टाकला, पुन्हा पहिला. नवी गाडी घेतलेल्या पोरासारखं त्यांचं चाललं होतं. मग हात थांबला. ते लियाकतच्या मांडीकडं बघायला लागले, लियाकतही स्वतःच्या मांडीकडं बघायला लागला.

"तू हे दरवेळी काढत हुतास व्हय रं?"

"मग काय आबा? माझे पाय ऑइलनं काळे. वहिनीच्या माहेरचं घोंगडं, त्यावर मी पाय दिऊ?"

लियाकतनं घडी बोटांनी मोजली. चांगली दोन बोटं जाड. ब्रेकला अर्धा पाय पुरतो, पण क्लच तळापर्यंत जावा लागतो, आणि आबांचा पाय टेकत होता तो तळाला नाही, सासऱ्याच्या घोंगड्याला. क्लच अर्धवट सुटत होता म्हणून गिअर ओरडत होते. वीस वर्षं इंजिनं खोलणारा माणूस, आणि दोष आपल्याच हातानं उचलून बाजूला ठेवत होता. लियाकतनं कपाळावर हात मारला. आबा हसायला लागले ते हसता हसता रडलेच, आणि लियाकतनं ते बघून न बघितल्यासारखं केलं. परत जाऊन दोघांनी दोन-दोन चहा घेतले.

घराकडं येताना आबांनी ठरवलं, की दोष वायरचा होता असंच बनाबाईला सांगायचं. तिनं आपल्या गुडघ्यासाठी बापाची आठवण पायाखाली घातली, आणि तिलाच म्हणायचं की तुझ्यामुळं झालं? नको. घोंगडं त्यांनी सीटमागं सरकवलं आणि वायरचं बोलणं पाठ करत आले.

बनाबाई अंगणातच होती. आबांनी वायर सांगितली. तिनं ऐकलं, आणि आबांच्या गारठून निळ्या पडलेल्या पावलांकडं बघत घोंगडं कुठाय विचारलं. आबांनी धुळीचं कारण दिलं, मग ओलं झाल्याचं दिलं. बावीस मैलांत पाठ केलेलं दोन प्रश्नांत संपलं. शेवटी त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

बनाबाई आत गेली. आबांना वाटलं, झालं, दुखावली. मनात स्वतःला शिव्या देत ते सीटवर बसून राहिले. तर ही बाहेर आली, हातात मेंढ्या कातरायची कातर. सीटमागचं घोंगडं तिनं ओढून काढलं आणि पत्र्यावर पसरलं. ती काय करतेय ते कळल्यावर आबांनी तिचा हात धरला.

"आगं, मामांचं हाय ते. दुसरं कायतरी घालू."

"बापानं ऊब म्हणून दिलंय," ती म्हणाली. "तुमाला अडवायला न्हाई दिलं. क्लच दाबा."

तिनं क्लचच्या खाली पत्र्यावर हात ठेवला, कुठून कुठपर्यंत कापायचं ते बघायला. पाय घसरला तर तिची बोटं जायची. आबांनी पाय इतका सावकाश खाली नेला, की पेडल तिच्या बोटांना नुसतं लागलं आणि तिथंच थांबलं. तिनं निवांतपणे खुणा केल्या, खडूनं, चारी बाजूंनी. तेवढा सगळा वेळ आबांचा डावा पाय तसूभरही हलला नाही.

खुणा झाल्यावर बनाबाईनं वर बघितलं, मग गुडघ्याकडं बघितलं आणि मान हलवली. कातर चालवून तिनं पेडलाएवढा चौकोन काढून टाकला. कापलेला तुकडा मात्र फेकला नाही, आबांच्या गुडघ्याला गुंडाळून नाडीनं बांधला.

मग तिनं दिग्विजयला फोन लावला. रविवारी येऊ नको म्हणाली, आमीच येतोय, तुझे आबा घिऊन येतायत. आणि वर्धनगडच्या घाटानं येतोय, हेही तिनं आठवणीनं सांगितलं. दिग्विजयनं बहुतेक सांगलीला यायला घाट कशाला, दुसरी वाट आहे की, असं काहीतरी विचारलं असावं. त्यावर ती म्हणाली, व्हय, लांब पडतंय, म्हाईत हाय मला.