नाळेवरचा लेप

गोदाच्या तिसऱ्या बाळानं सहाव्या दिवशी सकाळी दूध सोडलं. छातीशी धरलं की ते तोंड फिरवी, आणि दुपारपर्यंत तर त्याला तोंड उघडताच येईना. ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले. कपाळावर म्हाताऱ्या माणसासारख्या आठ्या पडल्या. रडू मिटल्या जबड्याआडून बारीक चिरकत बाहेर येत होतं. गोदाचा नवरा विश्राम त्या दिवशी मिठागरावर गेला नाही. त्यानं जाऊन सखुबाईला बोलावून आणलं.

सखुबाई बाळकुमची सुईण. पन्नाशीला आलेली, विधवा. सासू सुईण होती, तिच्याकडून हे काम आणि नाळ कापायचा विळा तिच्याकडे आला होता. अठ्ठावीस वर्षांत गावात जन्मलेलं बहुतेक प्रत्येक मूल पहिल्यांदा तिच्या हातात आलं होतं.

तिनं बाळाच्या पोटाला नुसतं बोट लावलं आणि ते धनुकलीसारखं वाकलं. डोकं आणि टाचा तेवढ्या गोधडीला टेकलेल्या, मधलं सगळं अंग अधांतरी. तिनं बोट काढून घेतलं. उजेडाची तिरीप आली तरी बाळ आखडत होतं, म्हणून दार लोटून घ्यायला सांगितलं. पुढं काय होणार ते तिला माहीत होतं. अशी बाळं तिनं पुष्कळ पाहिली होती.

"पाचवी नीट पुजलेली ना गो?" तिनं विचारलं.

"तूच तर पाटा मांडलास," गोदा म्हणाली.

आठव्या दिवशी बाळ गेलं. विश्रामनं ते फडक्यात गुंडाळून खाडीच्या अंगाला नेऊन पुरलं. सखुबाईनं गोदाची तटतटलेली छाती जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधली. पहिल्या मुलाच्या वेळी गोदा जमिनीवर डोकं आपटत होती, दुसऱ्या मुलीच्या वेळी दोन दिवस रडली होती. या खेपेला तिनं हात वर करून पट्टी बांधून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. सटवीनं नेलं, एवढंच सगळे म्हणाले. सखुबाईही तेच म्हणाली, आणि तिला तसंच वाटत होतं.

हे अठराशे ब्याण्णव सालचं. त्याच मार्गशीर्षात ठाण्याहून देवीडॉक्टर आला. प्रभाकर टिपणीस त्याचं नाव. दर हिवाळ्यात गावोगाव फिरून मुलांच्या दंडाला देवी टोचायचं काम सरकारनं त्याला दिलं होतं. पाटलाच्या ओटीवर बसून तो जन्माच्या नोंदी वाची आणि आया एकेक मूल पुढं आणत.

या वर्षी वाचून झाल्यावर त्यानं कागद मांडीवर ठेवला. "सोळा जन्मले. नऊच आले. बाकीचे?"

"सटवीनं नेले," पाटील म्हणाले.

"सगळे दहा दिवसांच्या आत? जबडा मिटून, अंग ताठून?"

पाटलांनी मान हलवली. टिपणिसानं सुईणीला बोलावलं.

"नाळ कशानं कापतेस, बाई?"

"विल्यानं. सासूचा हाय."

"कापण्याआधी धुतेस?"

"पुसतंय."

"आणि कापल्यावर काय लावतेस?"

"शेन," सखुबाई म्हणाली. "गाईचाच, म्हशीचा नाय. सुकवून, वाटून, हलद नि तेलात कालवून लेप देतंय." हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. असा बारीक लेप आसपासच्या गावांत कुणी करत नसे.

टिपणिसानं मांडीवरचा कागद बाजूला ठेवला. मग जपून बोलू लागला. "याला धनुर्वात म्हणतात. शेणात, घोड्याच्या लिदीत, मातीत एक जीव असतो. इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. विलायतेकडच्या डॉक्टरांनी तो मातीतून वेगळा काढून भिंगाखाली पाहिलाय. गाईच्या पोटात तो असला तरी गाईला काही होत नाही. पण उघड्या जखमेत शिरला की त्याचं विष अंगभर चढतं. बाळाची कापलेली नाळ म्हणजे उघडी जखमच, बाई."

ओटीवरचे लोक हसले. सखुबाई हसली नाही. "तुमी वासराच्या अंगावरची लस पोरांच्या दंडात घालता, ती चालते," ती म्हणाली. "नि गाईच्या शेनात विष?"

टिपणीस रागावला नाही. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. कोलशेतला जा आणि तिथल्या सुईणीला विचार. तिथं चौदा जन्मले, मी तेरा टोचले. चौदावं पायाळू होतं, जन्मतानाच गेलं."

चार दिवस सखुबाई त्याला मनात शिव्या देत राहिली. पाचव्या दिवशी बांधाबांधानं चालत ती कोलशेतला गेली.

तिथली सुईण रतन कोळीण होती. ती अंगणात जाळं विणत बसली होती. सखुबाईनं चुना-पानाच्या गप्पा काढल्या, मग हळूच नाळेचं विचारलं.

"सुरी चुलीत लाल करतंय," रतन म्हणाली. "बाहेरचा काय लागू नये म्हणून. मग दोऱ्यानं बांधायची, कापायची. वर धुतलेली चिंधी."

"शेन नाय लावत?"

रतननं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "आमच्याकडं गुरा कुठं हायेत गो? शेन आनू कुठून?"

सखुबाईनं पाहिलं. सगळ्या कोळीवाड्यात एकही गोठा नव्हता. रतनला काही जास्त कळत होतं असं नव्हे. देवाचं करायला, पाचवी पुजायला ती सखुबाईसारखीच होती. फक्त तिच्या दारात गाय नव्हती.

परतताना मिठागराच्या बांधावर सखुबाई खाली बसली आणि गावाच्या एका टोकापासून घरं मोजू लागली. काळुरामच्या घरचा एक. पाटलांच्या घरच्या दोन मुली. परशुरामच्या पहिल्या बायकोचे दोन. गोदाचे तीन. तिचा स्वतःचा नातू, तोही, सातव्या दिवशी. त्याला तर तिनं दोनदा लेप दिला होता, मायेनं. एकतिसापर्यंत ती आली. त्यामागची वर्षं तिला नीट आठवेनात. आगरातली माणसं मीठ ओढून परत निघाली, तिच्याजवळून गेली, आणि कुणी विचारलं तर ती म्हणाली, पाय दुखतंय.

त्या दिवसानंतर तिनं शेण सोडलं. विळा ठेवून दिला. ठाण्याला टिपणिसाकडे जाऊन तिनं साधं पातं मागितलं. ते कसं उकळायचं, किती वेळ उकळायचं, चिंधी तव्यावर पिवळी पडेस्तोवर कशी भाजायची, हात राखेऐवजी साबणानं कसे धुवायचे, हे दोनदा विचारून घेतलं. का बदललं ते गावात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागलं असतं.

पौषात एक मूल झालं, ते जगलं. माघात दुसरं, तेही जगलं. फाल्गुनात गंगुबाईची सून शालू बाळंत झाली. पहिलटकरीण, जेमतेम सोळा वर्षांची. मुलगा झाला. सखुबाईनं नाळ बांधली, कापली, भाजलेली चिंधी ठेवली आणि हात धुतले.

"लेप?" गंगुबाईनं विचारलं.

"नाय लागत."

"माज्या चारी पोरांना लावलास."

"आता नाय लागत. असाच सुकंल. हात लावू नका." सखुबाई एवढंच बोलली. पुढं तिला पुन्हापुन्हा वाटत राहिलं की त्या दिवशी आणखी चार शब्द बोलायला हवे होते.

सहाव्या दिवशी तिला बोलावणं आलं. उंबरठ्यातूनच तिनं तो चिरका आवाज ऐकला. घरात शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. गोदाही होती, कोपऱ्यात. शालू बाळाला घेऊन बसली होती आणि त्याच्या मिटलेल्या ओठांवर दुधाचे थेंब पिळत होती. थेंब गालावरून ओघळून जात होते.

"तू रीत सोडलीस," गंगुबाई म्हणाली. "तुज्यामुलं झाला हा."

सखुबाईनं बाळाचं फडकं अलगद बाजूला केलं. बेंबीवर काळसर पिवळी खपली होती. तिनं वाकून वास घेतला. शेण आणि हळद.

"हा कुनी लावला?"

गंगुबाई म्हणाली, "मी. तू गेल्यावर. तू इसरलीस असा वाटला मना." तिची नजर सखुबाईवरून बाळावर गेली आणि पुन्हा सखुबाईवर आली. काहीतरी चुकलं आहे हे तिला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

सखुबाई तिथून तशीच उठून जाऊ शकली असती. गावानं तिला दोष दिला असता, नाहीतर सटवीला. गंगुबाई कधीच काही न कळता मेली असती. पण शालूला आणखी मुलं व्हायची होती.

"शेनानं झाला," ती म्हणाली. "शेनात विष असते, जखमेतून चढते. डॉक्टर सांगत होता ते खरा हाय. मी कोलशेतला जाऊन बघितला."

गंगुबाईनं भिंतीला हात टेकला. "म्हंजी मी मारला?"

"तुना माहीत नव्हता. मना तरी कुठं होता? मी अठ्ठावीस वर्षां हेच केला. एकतीस पोरा मोजली मी. माज्या हातानं लेप दिला नि माज्या हातानं गेली. माजा नातूपन."

तिनं हे हळू आवाजात सांगितलं, पण घर इतकं शांत होतं की ओटीवरच्या पुरुषांनाही ऐकू गेलं. बायांतली एक उठून बाहेर गेली, मग दुसरी. गोदा जागची हलली नाही. ती सखुबाईच्या हातांकडे बघत होती.

शालूचं बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. गंगुबाईनं त्यानंतर बरेच दिवस कुणाशी बोलणं टाकलं.

गावानं सखुबाईला मारलं नाही, हाकलूनही दिलं नाही. फक्त तिच्याकडे यायचं बंद केलं. विहिरीवर ती गेली की बाया कळशा घेऊन मागं सरत. पाटलांनी निरोप पाठवला की पोरं मारल्याचं असं तोंडानं बोलत फिरू नकोस, फौजदाराच्या कानावर गेलं तर गावालाच त्रास. बाळंतपणाला ढोकाळीची सुईण येऊ लागली. तिचीही लेपाची रीत होती. पावसाळ्यात तिच्या हातची तीन मुलं झाली, त्यांतली दोन गेली. लोक म्हणाले, सटवी कोपलीय. सखुबाई घरोघरी जाऊन दाराबाहेरूनच सांगे, शेण लावू नका. काही घरं दार लावून घेत.

आश्विनात एका दुपारी गोदा आली. पोट खाली उतरलं होतं. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"कला सुरू झाल्या," ती म्हणाली. "चल."

"मी?"

"तिनदा तू केलास ना. आता चौथ्यांदा तूच कर. डॉक्टर सांगते तसा."

पातं सखुबाईनं तिथंच, गोदाच्या चुलीवर, गोदाच्या नजरेसमोर उकळलं. टिपणिसानं सांगितलं होतं त्याच्या दुप्पट वेळ उकळलं. संध्याकाळी मुलगी झाली. नाळ कापली तेव्हा गोदा कोपरावर उठून बघत होती. चिंधी बांधून होईपर्यंत तिनं नजर हलवली नाही.

त्यानंतर सखुबाई घरी गेलीच नाही. दहा दिवस ती त्याच घरात राहिली. गोदाच्या सासूला तिनं बाळाजवळ एकटं सोडलं नाही. विश्रामनं गाय दूरच्या मांडवात नेऊन बांधली. घर सारवायचं थांबवलं. दर प्रहराला सखुबाई बाळाच्या ओठाला करंगळी लावून बघे, ते चोखतंय का. सहाव्या दिवशी सकाळी मुलगी जरा उशिरा उठली, तर तेवढ्या वेळात गोदाला घाम फुटला. मग मुलीनं जांभई दिली. पुरती, मोठी जांभई. गोदा आणि सखुबाई दोघी त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या.

आठवा दिवस गेला. नववा गेला. नाळ सुकून गळून पडली. दहाव्या दिवशी सखुबाईनं बाळाला न्हाऊ घातलं, आपलं बोचकं बांधलं आणि दाराशी आली. गोदा मुलीला पाजत होती.

"माज्या त्या तिघांचा तू काय करशील?" गोदानं विचारलं.

"काय नाय करता येत," सखुबाई म्हणाली.

"मंग आता परत माज्या दारात येऊ नको." गोदाच्या आवाजात राग नव्हता. "पुना दिवस गेले तर बोलवीन. तवा ये. एरवी नको. तुजा हात बघितला की मना ती दिसतात."

सखुबाईनं मान हलवली. ओटीवर विश्राम उभा होता. त्यानं तिला शिधा देऊ केला, तो तिनं घेतला नाही.

शेजारच्या दारात काळुरामची सून उभी होती, चौथा महिना चालू असलेली. ती इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाली, "सखुबाय, माज्या वक्ताला येशील काय गो?"

"येईन," सखुबाई म्हणाली. "पन आधी तुज्या सासूशी बोलायचा हाय. आत हाय काय ती?"

सासू आत भात कांडत होती. तिचा धाकटा मुलगा पंधरा वर्षांपूर्वी सातव्या दिवशी गेला होता. सखुबाई आत गेली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली.