मावशीकडची झोप

सकाळच्या शांततेत समोरच्या घराची कडी आतून खटकन लागली, आणि पोरीची वेणी घालणाऱ्या आईचा हात थांबला. तीन वर्षांत ते दार दिवसा कधी लागलं नव्हतं.

तिथे मावशी राहायची. नात्याची नव्हे, पण सख्खीला मागे सारेल अशी. सहा मुलं सांभाळायची. आई दातांच्या कवळ्या बनवायला जायची, म्हणून मावशी म्हणायची, "तू लोकांना दात दे, तुझं बोळकं राहू दे माझ्याकडे." घरी डोळ्याला डोळा न लावणारी पोर तिच्याकडे दुपारी तीन-तीन तास ढाराढूर झोपायची.

मग निवडणूक आली. बघता बघता बिल्डिंगमध्ये 'आपले' आणि 'ते' झाले. मावशी 'त्यांच्यातली' निघाली. तोवर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, कवळ्यांच्या साच्यांच्या प्लास्टरने माखलेल्या बोटांनी, आईने आयांच्या ग्रुपवरचा व्हिडिओ उघडला. 'ते' लोक मुलांच्या दुधात झोपेचं औषध घालतात म्हणे! तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने एकच ओळ लिहिली: 'माझीही मावशीकडे तीन तास झोपते.'

संध्याकाळपर्यंत बाकीची पाचही मुलं नेली गेली. एका बापाने दुधाचं पातेलं जिन्यावरून भिरकावलं.

बुधवारी कळलं, व्हिडिओ बनावट. 'माझं चुकलं, मावशी तशी नाही,' असं तिने लगेच लिहिलं. एकीचं उत्तर आलं, 'त्यांनी धमकावलं का गं तुला?'

आणि आज ही कडी. अर्धवट वेणीनिशी पोरीला घेऊन तिने दार ठोठावलं. मावशीने फटीएवढंच उघडलं. मागे बांधलेली बोचकी.

"मावशी, चुकले मी. जाऊ नका."

"भाऊ येतोय न्यायला." मावशी पोरीकडे बघून हसली. "तासभर खांद्यावर घेऊन फिरवायचे, तेव्हा कुठे डोळे मिटायची कार्टी. औषध म्हणे! माझ्या खांद्यांना विचार." मग हसू मावळलं. "संशय आला होता, तर मला विचारायचंस गं. दार उघडंच होतं."

दार लागलं. आई तिथेच उभी राहिली. पोरीने तिचा पदर ओढला.

"आई, मावशीने काय केलं?"