राघूदादाचं घोरणं

माझा थोरला भाऊ राघू घोरायचा आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. हसू नका. आम्ही मेंढरं घेऊन शिवारोशिवार हिंडणारी माणसं. कुणाच्या रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, भोवती जाळी लावून वाडा करायचा आणि तिथंच उघड्यावर पडायचं. दोन हजार एक साली जुन्नर भागात उसातून बिबटे बाहेर पडू लागले. दुसऱ्यांच्या वाड्यांतली कोकरं जात होती, आमच्या एकालाही नख लागलं नव्हतं. दादा वाड्याच्या तोंडाशी उताणा पडायचा आणि असा घोरायचा की आमची कुत्रीसुद्धा लांब जाऊन झोपायची.

लेण्याद्रीच्या खालच्या अंगाला संपतरावांच्या रानात आमचा मुक्काम होता. संपतराव म्हणायचे, "राघू, बिबट्याला वाटत आसंल, हितं आपल्यापक्षा मोठं जनावर हाय!" दादा खूश व्हायचा. मीही चारचौघांत तेच सांगत सुटायचो.

हिरावहिनीला मात्र ते घोरणं ऐकवत नसे. "भाऊजी, ते मधीच थांबतं. मी आकडं मोजते. ईस, पंचवीस... मग बुडता मानूस वर यावा तसं ते दम घेत्यात. माझी झोप उडालीया."

"वैनी, गाढ झोप हाय ती. नशीब लागतं त्याला," मी म्हणायचो. दादाचं डोकं सकाळी जड असायचं, दिवसा तो काठीवर हनुवटी टेकून पेंगायचा, हे मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं.

एकदा भर दुपारी मेंढरांमागं चालताना दादा मटकन खाली बसला. आम्ही त्याला एस्टीनं जुन्नरला नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बांधला. मग त्यांनी वहिनीलाच विचारलं, "घोरताना यांचा श्वास अडकतो का?" वहिनीनं आकड्यांसकट सगळं सांगितलं.

"हे झोपेचं सुख नाही," डॉक्टर म्हणाले. "श्वास अडकतो, तेव्हा हृदयाला जास्त राबावं लागतं. रात्रभर तेच. त्यात बीपी एवढं वाढलेलं. या गोळ्या चुकवू नका, पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. आणि उताणं झोपू देऊ नका. बंडीला पाठीवर चेंडू शिवा, म्हणजे आपोआप कुशीवर वळतील."

पुण्याला महिनाअखेरीस जायचं ठरलं. वहिनीनं बाजारातून रबरी चेंडू घेतला आणि रानात बसून बंडीला शिवला.

दादा कुशीवर झोपू लागला आणि वाडा शांत झाला. पंधरा दिवसांत त्याचा चेहरा उजळला. वहिनी बऱ्याच दिवसांनी हसताना दिसली. आणि मग एकाच आठवड्यात बिबट्यानं दोन कोकरं नेली.

"राघू गप झाला, आन् बघ कसा सोकावला!" संपतराव बोलून गेले. गंमतच केली त्यांनी. माझ्या मात्र डोक्यात किडा वळवळू लागला.

"दादा, थोडं दिस तो चेंडू काढून ठेव की," मी म्हणालो.

"कोकरं पुन्यांदा व्हतील, चिमा. लई वरसांनी डोकं हलकं झालंय माजं. हिराला बी झोप लागतीया," तो म्हणाला. एवढं ऐकूनही माझी अक्कल जागेवर आली नाही. दुसऱ्या दिवशी बंडी वाळत घातलेली होती. मेंढ्या कातरायच्या कातरीनं मी चेंडूचे टाके कापले. दोनच ठेवले, आपसूक तुटले असं वाटावं म्हणून.

त्या रात्री दादा पूर्वीसारखा घोरला. मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण ढाराढूर झोपलो मी.

पहाटे उठून बघतो तर जाळी वाकलेली आणि आणखी एक कोकरू गायब. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच दादाकडं गेलो. "ऊठ! काय उपेग तुज्या घोरण्याचा?" म्हणत त्याचा खांदा हलवला. खांदा गार होता. तो उताणा पडला होता आणि चेंडू घोंगडीच्या कडेला.

"पुण्यवान माणूस, झोपेतच गेला," लोक म्हणत होते. एकेकाचं तोंड धरावंसं वाटत होतं मला.

दहावं झाल्यावर वहिनीनं मला बाजूला बोलावलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "भाऊजी, कुनाला बोलू नगा. शिवण माजीच कच्ची व्हती. दोरा दुहेरी घातला आसता, तर ते वाचलं आसतं."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. "वैनी, वरच्याच्या पुढं कुनाचं काय चालतंय," एवढंच म्हणालो.

वहिनी अजून पोरांचे कपडे शिवते. प्रत्येक टाका दोनदा घालते, दोन्ही हातांनी ओढून बघते आणि मनाची खात्री न झाल्यानं उसवून पुन्हा घालते. मी तिथं बसलेलो असतो, आणि काही बोलत नाही.